सत्तर-पन्नासवाले बापूसाहेब

मार्च उजाडला की आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक गृहस्थ दुसऱ्याच्या गाडीच्या काचेला नाक लावून ओणवे उभे दिसतात. नवा वॉचमन हमखास शिट्टी मारतो. जुना त्याला अडवतो, “अरे, बापूसाहेब आहेत ते. काच वाचतायत.”

बापूसाहेब खरोखरच काच वाचतात. मोटारीच्या प्रत्येक काचेच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत काहीबाही कोरलेलं असतं. तुम्ही-आम्ही जन्मभर त्या काचेतून बाहेर बघतो, काचेकडे बघत नाही. बापूसाहेब भिंग घेऊन बघतात. काच कोणत्या कंपनीची, आयएस २५५३ या मानकाचा शिक्का आहे की नाही, टफन्ड की लॅमिनेटेड, कोणत्या साली निघाली. या वाचनातून शेजाऱ्यांची गुपितं बाहेर पडतात. बी विंगमधल्या एकाने ‘एक ओरखडा नाही, शोरूम कंडिशन’ म्हणून मिरवत आणलेल्या सेकंडहँड गाडीची मागची डावी काच बाकीच्यांपेक्षा तीन वर्षांनी लहान निघाली. म्हणजे गाडी कुठेतरी ठोकलेली होती. बापूसाहेबांनी हे त्याला गणपतीच्या आरतीला, प्रसाद वाटता वाटता सांगितलं. तो गृहस्थ अजून त्यांच्याशी बोलत नाही. बापूसाहेबांना वाटतं, तो अजून त्या डीलरवरच चिडलेला आहे.

त्यांची हयात पिंपरीच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये गेली. ‘मी ओकेचा शिक्का मारलेला एक नग कधी परत आला नाही,’ असं ते अभिमानाने सांगतात. ‘शिक्का मारलाच नाही तर परत येईल कसा,’ असं वहिनी स्वयंपाकघरातून सांगतात. निवृत्त झाल्यावर नग तपासायला येणं बंद झालं, तपासणारा मात्र तसाच राहिला. अशात त्यांना पार्किंग मिळालं ते पश्चिमेकडे तोंड केलेलं. दुपारी दोनला ऊन बोनेटवर चढतं आणि सहापर्यंत स्टिअरिंगवर ठाण मांडून बसतं. एप्रिलमध्ये गिअरच्या मुठीला हात लावायचा तर वहिनींना पदर गुंडाळावा लागतो. तेव्हा काचांना फिल्म लावून घ्यावी, असा विषय घरात निघाला.

तो निघाला त्या वेळी त्यांचा नातू बालवाडीत होता. आता तो मराठी माध्यमातून गणित सोडवतो आणि आजोबांना दशांशात मदत करतो. मधल्या काळात त्या गाडीच्या डाव्या खिडकीला काचेत चिमटून लावलेला एक पंचा होता. वहिनींनी लावलेला. त्याचा व्हीएलटी, म्हणजे त्यातून आरपार जाणारा उजेड किती, हे बापूसाहेबांनी काढून ठेवलं होतं. शून्य. म्हणजे बेकायदा.

असा माणूस प्रत्येक सोसायटीत एक असतोच. कुणाचा विषय वॉटर प्युरिफायर असतो, कुणाचा इन्व्हर्टरची बॅटरी. एका सद्गृहस्थांनी गादी निवडता निवडता पाठीचं ऑपरेशन करून घेतलं. लोक म्हणतात, यांचा निर्णय होत नाही. मला ते पटत नाही. निर्णय केव्हाचा झालेला असतो, तो जाहीर करायची इच्छा नसते. वस्तू घेतली की गिऱ्हाइकाचा पुन्हा नुसता माणूस होतो. दुकानदार चहा विचारत नाही, शेजारी सल्ला विचारत नाहीत. मग घ्यायची कशाला?

कायद्याचा भाग तर बापूसाहेबांना विचारूच नये. “२७ एप्रिल २०१२!” असं म्हणून ते एक क्षण थांबतात. ही तारीख त्यांना झोपेतसुद्धा पाठ आहे. (लग्नाची विचारा, असं वहिनी म्हणतात.) त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर निकाल दिला. मोटारवाहन नियमावलीतला शंभरावा नियम सांगतो की पुढच्या-मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून निदान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. लोकांचा युक्तिवाद असा, की फिल्म लावूनही तेवढा उजेड जात असेल तर बिघडलं कुठे? न्यायालय म्हणालं, काच कारखान्यातूनच तशी आली पाहिजे, वरून काही म्हणता काही चिकटवायचं नाही. ४ मे २०१२ पासून बंदी. त्या मे महिन्यात पोलिसांनी चौकाचौकात फिल्मा सोलून काढल्या, हे पुष्कळांना आठवत असेल. नखाने टोक उकलून फिल्म टर्रकन ओढताना निघणारा तो आवाज! निम्मी फिल्म यायची आणि निम्मा गोंद काचेवरच राहायचा.

“पण १ एप्रिल २०२१!” बापूसाहेबांचं बोट वर जातं. त्या दिवसापासून नियमात ‘सेफ्टी ग्लास’च्या जोडीला ‘सेफ्टी ग्लेझिंग’ आलं, आणि आयएस २५५३ च्या नव्या आवृत्तीत आतून प्लास्टिकचा थर असलेली काचही बसते. मग २०२४ च्या सप्टेंबरात केरळ उच्च न्यायालयाने सांगून टाकलं, की सत्तर-पन्नासची मर्यादा पाळणारी फिल्म लावली म्हणून दंड करता येणार नाही. बापूसाहेबांनी या साऱ्याची फाईल केली आहे. सोसायटीच्या हाऊजीत सत्तर किंवा पन्नास आकडा निघाला की पोरं ‘बापूसाहेब!’ म्हणून ओरडतात, ते यामुळे. पण केरळचं उच्च न्यायालय केरळात, आणि कर्वे रोडवरचे ट्रॅफिकचे मामा अजून २०१२ सालातच उभे आहेत, हे त्यांनाही ठाऊक आहे. त्या ५०० रुपयांच्या पावतीची त्यांना धास्ती नाही. आपलं म्हणणं ऐकून न घेता पावती फाडली जाईल, ही आहे.

फिल्म बघायला ते नाना पेठेत जातात. पुण्यात गाडीला लागणारं सगळं नाना पेठेत मिळतं आणि गाडी लावायला जागा तेवढी मिळत नाही, म्हणून ते बसने जातात. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो. काउंटरवर एक खोका होता. त्यात लाल दिवा, दिव्यापुढे फिल्म लावलेल्या काचेच्या पट्ट्या. दुकानदाराने माझा हात साध्या काचेपुढे धरला. चटका. मग सिरॅमिक फिल्मच्या काचेपुढे धरला. गार. मी तिथल्या तिथे पाकीट काढलं असतं.

“९७ टक्के हीट रिजेक्शन, साहेब,” दुकानदार म्हणाला.

“हीट की इन्फ्रारेड?” बापूसाहेबांनी विचारलं.

दुकानदाराने त्यांच्याकडे नीट पाहिलं. अशी गिऱ्हाइकं ओळखू येतात. आत बघून त्याने ‘एक कटिंग’ असं सांगितलं. दोन नाही.

पुढे जे झालं ते मी लक्षपूर्वक ऐकलं. आणि सांगायला हवं, की बापूसाहेबांचं म्हणणं बरोबर होतं. कंटाळवाणा माणूस बहुधा बरोबर असतो, ही त्याची मोठी अडचण आहे. त्यांचं म्हणणं असं. तो दिवा म्हणजे सूर्य नव्हे. दिव्यातून मुख्यतः अवरक्त किरणंच येतात, आणि सिरॅमिक फिल्म नेमकी तीच अडवते. तेव्हा त्या खोक्यात ती पहिली येणारच. खऱ्या उन्हात अवरक्ताचा वाटा साधारण निम्मा, बाकी बहुतेक सगळा दिसणारा उजेड, आणि अतिनील जेमतेम तीन-चार टक्के. आता उजेड तर आपण नियमाप्रमाणे आत येऊ देणार. तो सीटवर पडला की त्याचीही उष्णता होते. म्हणून अंगाला किती ऊन कमी लागणार हे ‘टीएसईआर’ नावाच्या वेगळ्या आकड्यात लिहिलेलं असतं, आणि फिकट फिल्मचा हा आकडा ९७ च्या निम्माही भरला तरी ती उत्तम समजावी. शिवाय फिल्मने शोषलेली उष्णता काचेतच राहते. गाडी पळत असेल तर वारा ती घेऊन जातो, पश्चिमेकडे तोंड करून उभी असेल तर निम्मी-शिम्मी आतच येते. “आणि अतिनील ९९ टक्के म्हणून जे तुम्ही ठळक छापलंय, ते स्वस्तातली फिल्मही अडवते. पुढची काच तर लॅमिनेटेड असते. ती कोऱ्या अवस्थेतही बहुतेक अतिनील अडवूनच बसलेली असते. त्याचे पैसे कसले घेता?”

“साहेब, ही सत्तरची आहे, एकदम लीगल.”

“फिल्म सत्तरची. काच धरून किती?”

हा त्यांचा हुकमी प्रश्न. गाडीची हिरवट काच मुळातच ७५-८० टक्के उजेड सोडते. तिच्यावर सत्तरची फिल्म लावली की सत्तर उरत नाहीत, गुणाकार करावा लागतो. ७५ वर ७० म्हणजे साडेबावन्न. बाजूच्या काचांना पास, पुढच्या काचेला नापास. दुकानदाराने कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं आणि मग दिवा विझवला. चहा आला होता तो त्याने स्वतः घेतला.

किमतीही अशाच. सगळ्या काचांना मिळून अडीच-तीन हजारांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत काहीही सांगतात. अगदी स्वस्तात रंगाची फिल्म येते, ती दोन-तीन उन्हाळ्यांत जांभळी पडते आणि तिला फोड येतात. धातूचा थर असलेली ऊन छान परतवते, पण तिने मोबाइलची रेंज आणि जीपीएसही परतवलं म्हणून तक्रार येते. आमच्या सोसायटीतल्या एकाने हौसेने पुढच्या काचेलाही तीच लावली, तर खालापूरच्या नाक्यावर त्याचा फास्टॅग वाचेचना. मागे मुंबईपर्यंत रांग लागल्याचं तो सांगतो. इतकी नसावी. कार्बन मधली आणि सिरॅमिक वरची, असा सर्वसाधारण भाव. सिरॅमिकच्या नावाखाली रंगाची खपवणारेही आहेत, आणि म्हणून बापूसाहेब रोलच्या टोकावरचा नंबर आणि कंपनीचं प्रमाणपत्र ताडून बघितल्याशिवाय फिल्मला हात लावत नाहीत.

पण फिल्म हा त्यांच्या लेखी अर्धाच विषय. उरलेला अर्धा म्हणजे ती लावणारा हात. “सोनं चांगलं असलं म्हणून काय झालं, सोनार?” असं म्हणून ते दुकानात न शिरता दुकानासमोर उभे राहतात. दुसऱ्याच्या गाडीला फिल्म लागत असते. हे तिथे हाताची घडी घालून उभे. गाडीमालकाला वाटतं हे दुकानाचे मालक, दुकानाच्या मालकाला वाटतं हे गाडीवाल्याचे सासरे. जमीन ओली केली आहे का? पंखा बंद आहे का? नाहीतर उडालेली धूळ फिल्मखाली जन्मभर राहते. फिल्म काचेवरच ठेवून कापतोय की बाहेर? काचेवर कापताना हात चुकला तर काचेवर रेघ. मागची काच एका तुकड्यात बसवतोय की पट्ट्यांचे जोड देऊन? दाराच्या आतल्या बाजूला फडकं खोचलंय की साबणाचं पाणी सरळ पॉवर विंडोच्या बटणांत सोडतोय? एका ठिकाणी तर जुनी फिल्म काढायला पोराने मागच्या काचेवर ब्लेड चालवलेलं त्यांनी पाहिलं. डीफॉगरच्या तारा सोलून निघाल्या. बापूसाहेब पाचव्या तारेला ओरडले. ती वाचली.

शेवटी त्यांना हवा तसा माणूस सापडला. पेठेतल्याच एका बोळात, शटर पूर्ण खाली येणाऱ्या गाळ्यात. सगळे त्याला उस्ताद म्हणतात. बापूसाहेबांना तो आवडला आवाजावरून. प्रत्येक काप घेण्याआधी तो कटरच्या पात्याचं टोक मोडायचा. कट्ट. नवं टोक, मगच काप. बापूसाहेब नुसते ते ऐकत बाकड्यावर बसून राहिले. मग त्यांनी आपली प्रश्नावली काढली. उस्तादने दोन-तीन उत्तरं दिली, न दिली, आणि स्वतःच विचारलं, “साहेब, रात्रीची गाडी कोण चालवतं?”

“मीच.”

“डोळ्यांचं काही झालंय?”

झालं होतं. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन गेलं होतं आणि डाव्याची तारीख घ्यायची होती. फाईलमध्ये सूर्य होता, काच होती, दोन न्यायालयं होती, बापूसाहेबांचे डोळे नव्हते. पावसाच्या रात्री बाजूच्या काचेतून आरसा दिसला पाहिजे, हे कोणत्याच कॅटलॉगात लिहिलेलं नसतं. “तुम्हाला बाजूलाही सत्तरचीच चालेल,” उस्ताद म्हणाला. “पुढे एकदम फिकट देतो. गडद लावून मी पैसे घेईन, पण डिसेंबरात तुम्हीच काढायला याल.” मी बापूसाहेबांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एखाद्या विक्रेत्यापुढे गप्प बसलेलं पाहिलं. घरी येऊन ते वहिनींना म्हणाले, “माणूस अभ्यासू आहे.” त्यांच्याकडून याहून मोठी पदवी मिळत नाही.

फिल्म लावायच्या दिवशी उस्तादने त्यांना दोनदा चहाला पाठवायचा प्रयत्न केला. ते गेले नाहीत. स्टुलावर बसून त्यांनी बेबी शांपूचे थेंब मोजले. मागच्या काचेवर फिल्म उलटी पसरून उस्तादने हीट गन फिरवली आणि घड्या पडलेलं ते पटल काचेच्या बाकावर हळूहळू आकसत बसलं, तेव्हा तर त्यांनी टाळी वाजवली म्हणे. मग रबरी पट्टीने पाणी काढणं, बीडिंगच्या आत कडा सारणं. सगळं झाल्यावर बापूसाहेबांनी टॉर्च काढला आणि प्रत्येक काच तिरप्या उजेडात तपासली. उजव्या मागच्या काचेत त्यांना एक कण सापडला.

“कचरा आहे.”

उस्ताद वाकला. बाहेरून नख फिरवलं, आतून फिरवलं. “कचरा नाही साहेब. काचेतलाच दाणा आहे. कंपनीतूनच आलाय.”

खरंच तसं होतं. गाडी एवढी वर्षं रस्त्यावर होती, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. एका अख्ख्या कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोलमधून सुटलेला दाणा बापूसाहेबांनी पकडला. फिल्मचे पैसे त्यांनी त्या आनंदात घासाघीस न करता दिले.

चार दिवस काचा खाली करायच्या नाहीत, अशी उस्तादची ताकीद होती. बापूसाहेबांनी ती आठवडाभर पाळली. पार्किंगचं तिकीट घ्यायला ते गाडी थांबवून, पट्टा सोडून, दार उघडून उतरायचे. पेट्रोलपंपावर पोराला खुणांनी आकडे सांगायचे. आणि काचेवर दिसणारे पाण्याचे धुरकट डाग सुकेपर्यंत रोज सकाळी जाऊन बघायचे.

डाग सुकले आणि पंचाइत सुरू झाली. फिल्म दिसेचना. फिकट, उत्तम प्रतीची, तरबेज हाताने लावलेली फिल्म दिसत नाहीच, तिचा गुणच तो. गाडीत बसलं की ऊन बोथट झाल्याचं जाणवायचं, पण गाडीत बसतं कोण? पार्किंगमध्ये लोक भेटत आणि विचारत, “काय बापूसाहेब, फिल्म कधी लावताय?” पहिल्या पाच-सहा जणांना त्यांनी काचेजवळ नेऊन कड दाखवली. पुढे पुढे ते ‘लावली’ एवढंच म्हणायचे आणि समोरच्याला ते खरं वाटायचं नाही. बी विंगवाल्याने तर दुकानदाराने फसवल्याची बातमी पसरवली.

आता उरले पोलीस. इतक्या वर्षांची फाईल डॅशबोर्डच्या कप्प्यात सज्ज होती, निकालाची प्रत, नियमाची प्रत, प्रमाणपत्र, उस्तादच्या मीटरवरचं रीडिंग, आणि अडवायला कुणी तयार नव्हतं. बापूसाहेब मामा दिसले की वेग कमी करू लागले. नळ स्टॉपला ते उगाच डाव्या लेनमध्ये यायचे. पुढच्या काळ्या काचांची जीप अडवली जाई आणि यांना हात दाखवून पुढे काढलं जाई. “सरळ चला आजोबा, सरळ चला.”

गेल्या महिन्यात मात्र योग आला. वहिनींच्या भाचीचं लग्न, बाराचा मुहूर्त, मागे वहिनी शालू सावरत बसलेल्या, त्यांच्या शेजारी मी. मामा दिसले आणि बापूसाहेबांनी गाडी इतकी हळू केली की ती चौकातच थांबली. मामा आले. बापूसाहेबांनी काच खाली केली.

“बंद पडली का?”

“नाही. काचा बघा.”

“बघितल्या. मग?”

“फिल्म आहे.”

“कुठाय?”

बापूसाहेबांनी काच पुन्हा अर्धी वर केली, कड दाखवली, फाईल काढली. मामांनी पहिलं पान वाचलं, दुसरं उलटलं, मग काचेवरून बोट फिरवलं. “दिसली असती तर पावती केली असती,” ते प्रामाणिकपणे म्हणाले. मग खिडकीत वाकून त्यांनी आत हात घातला आणि तिथेच ठेवला. बाहेर एप्रिलची दुपार होत आली होती आणि ते सकाळपासून उन्हात उभे होते.

“आत बरंच गार आहे हो. एसी?”

“दोनवर. फक्त दोनवर!”

“कितीला बसली? आमची गाडी लाईनीत उघड्यावरच असते. पोरं बसत नाहीत दुपारची.”

बापूसाहेबांनी पट्टा सोडला. “कोणती गाडी? काच मूळची आहे का? रात्रीची चालवतं कोण?” असं विचारत ते दार उघडून खाली उतरले, आणि मामांनी मागच्या बसला थांबायची खूण केली. बसमागे टेम्पो, टेम्पोमागे थेट करिश्मा सोसायटीपर्यंत हॉर्न. बापूसाहेब भिंग काढून मामांना कोपऱ्यातला शिक्का दाखवत होते.

वहिनींनी घड्याळ पाहिलं, अहेराची पिशवी उचलली, पलीकडच्या दाराने उतरल्या आणि रिक्षा करून लग्नाला गेल्या.